३६.७ सेकंद

मंगळवार, ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या फ्रेंच गयानात, कुरू येथील तळावर युरोपचा नवा अग्निबाण एरियन-५ पहिल्या उड्डाणासाठी उभा होता. वजन सुमारे ७४५ टन. टोकाशी ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह, पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठी बनवलेले.

हा अग्निबाण ४० सेकंदांच्या आत नष्ट झाला. इंजिनात दोष नव्हता, इंधन गळले नव्हते, तार तुटली नव्हती. एका संगणकाने दुसऱ्याला तारेवरून काही आकडे पाठवले आणि दुसऱ्याने ते खरे मानले.

रत्नागिरीत घरच्या टेबलावर ड्रोन जोडणाऱ्याने हा घटनाक्रम एकदा नीट वाचावा, असे मला मनापासून वाटते. उडते यंत्र आता इथे नवलाचे राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने अनधिकृत मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी किनाऱ्यावर ड्रोन सुरू केले, त्यात रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर आहे. ज्यांना तयार ड्रोन नको असतो ते सुटे भाग मागवतात. फ्रेम एका संध्याकाळी जुळते, मोटारी फिरू लागतात. मग लॅपटॉपवर फ्लाइट कंट्रोलरचे, म्हणजे ड्रोनच्या संगणकाचे, ‘पोर्ट्स’ हे पान उघडते. कोणत्या तारेवर कोण बोलणार? कोणत्या भाषेत? किती वेगाने? एवढे तीन प्रश्न त्या पानावर असतात. चौथा तिथे लिहिलेला नसतो: बोलणारा गप्प झाला किंवा भलतेच बोलू लागला, तर ऐकणाऱ्याने काय करायचे?

एरियन-५ चौथ्या प्रश्नावर गेला.

उड्डाणाच्या काही वर्षे आधी

अग्निबाण कुठे झुकला आहे आणि किती वेगाने जातो आहे, हे सांगणाऱ्या यंत्राला प्रकल्पात एसआरआय म्हणत. आपल्या ड्रोनमध्ये जायरो आणि ॲक्सेलरोमीटर जे काम करतात तेच, फार मोठ्या प्रमाणावर. एसआरआयने मोजायचे आणि डेटाबस नावाच्या सामाईक तारेवरून मुख्य उड्डाण-संगणकाला कळवायचे. मुख्य संगणकाने त्या आकड्यांवरून नोझल वळवायची.

हे यंत्र एरियन-४ वर उत्तम चालले होते. प्रोग्रॅमसकट ते एरियन-५ वर आले.

त्या प्रोग्रॅममध्ये ६४ बिटांचे दशांश आकडे १६ बिटांच्या पूर्णांकात बसवावे लागत. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. मर्यादा ओलांडू शकतील असे सात आकडे शोधून काढलेले होते. म्हणजे धोका माहीत होता. पण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, असे उद्दिष्ट होते. प्रत्येक संरक्षणाला प्रोसेसरचा थोडा वेळ लागतो. सातांपैकी चार आकड्यांना संरक्षण दिले, तीन तसेच ठेवले. त्या तिघांच्या बाबतीत भौतिक मर्यादाच आड येईल किंवा भरपूर अंतर शिल्लक राहील, असा हिशोब होता.

एरियन-४ साठी तो हिशोब बरोबर होता. निर्णय एकट्या माणसाचा नव्हता. प्रकल्पातल्या भागीदारांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळून तो घेतला. मात्र तीन आकडे उघडे का ठेवले, याचे कारण प्रोग्रॅमच्या मजकुरात कुठेही लिहिलेले नव्हते. पुढे ज्याने तो मजकूर वाचला असेल त्याला तिथे निर्णय झाला होता हेही दिसले नसते.

उड्डाण क्रमांक ३३, वर्ष १९८९

एरियन-४ मध्ये एक सोय होती. एसआरआयला जमिनीवर असताना उभी-आडवी दिशा पक्की करावी लागते. हे काम उड्डाणाआधी संपते. पण शेवटच्या काही सेकंदांत उलटगणती थांबवावी लागली, तर हे काम पहिल्यापासून करायला ४५ मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून एरियन-४ मध्ये दिशा पक्की करणारा भाग उड्डाण-अवस्था सुरू झाल्यावरही ५० सेकंद चालू ठेवला जाई. तेवढ्या वेळात जमिनीवरची यंत्रणा अग्निबाणाचा ताबा परत घेऊ शके.

या सोयीचा उपयोग एकदा झाला, १९८९ मध्ये, उड्डाण ३३ च्या वेळी.

एरियन-५ ची तयारीची पद्धत वेगळी होती. तिथे या सोयीची गरज नव्हती. तरी ती काढली नाही. एरियन-४ वर नीट चाललेल्या प्रोग्रॅमला हात लावू नये, असा विचार त्यामागे होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. चालत्या प्रोग्रॅममध्ये बदल करणे हाही धोकाच असतो.

घरच्या टेबलावर हे कसे घडते ते सांगतो. ओळखीच्या कुणाचा ड्रोन छान उडतो. त्याच्याकडून पॅरामीटर फाइल येते आणि ती जशीच्या तशी आपल्या कंट्रोलरमध्ये भरली जाते. कंट्रोलरवर आर्डुपायलट हा प्रोग्रॅम असेल, तर त्या पूर्ण फाइलमध्ये केवळ उडण्याच्या सवयी नसतात. त्या ओळखीच्या माणसाच्या होकायंत्राच्या दुरुस्त्या असतात, ॲक्सेलरोमीटरचे कॅलिब्रेशन असते, त्याच्या पोर्टांची वाटणी असते आणि त्याने कधीतरी चाचणीपुरते बंद केलेले आर्मिंग चेकही, म्हणजे मोटारी सुरू होण्याआधीच्या तपासण्याही, असतात. बीटाफ्लाइट या तशाच प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या बोर्डाचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची यादी, चिकटवला, तर कोणती पिन कशासाठी हेही बदलू शकते. त्यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी ड्रोनसाठी बरोबर असते.

उड्डाणाआधीच्या चाचण्या

एरियन-५ चढताना एरियन-४ पेक्षा फार लवकर आडवा वेग घेणार होता, जवळपास पाचपट. हा मार्ग आराखड्यात होता, संगणकांवर होता, सगळ्यांच्या माहितीचा होता. पण एसआरआयच्या गरजांच्या कागदात तो घातला नव्हता. तो न घालण्याचेही एकत्रित ठरले होते.

मग पूर्ण यंत्रणेची चाचणी झाली. तिच्यात खऱ्या एसआरआयच्या जागी त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवला गेला. एसआरआय स्वतंत्रपणे तपासून पास झालेला आहे, तर पुन्हा जोडायची गरज नाही, असे मानले गेले. नकलेने नेहमी नीटनेटके आकडे पाठवले. मुख्य संगणकाने ते नीट वाचले. चाचणी यशस्वी झाली.

अपघातानंतर हाच एसआरआयचा प्रोग्रॅम आणि एरियन-५ चा खरा मार्ग संगणकावर एकत्र चालवून पाहिला, तेव्हा बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडला. ही चाचणी आधीही करता आली असती.

४ जून, सकाळ

हवा प्रक्षेपणासाठी योग्य होती. तळावरचे विद्युत क्षेत्र नगण्य होते, विजेचा धोका नव्हता. शंका एकच होती: पुरेसे स्वच्छ दिसेल का. मुख्य टप्प्यात इंधन भरण्याचे काम सुरळीत झाले.

सकाळी ८:३५. रत्नागिरीत संध्याकाळचे ५:०५

प्रक्षेपणाची मुदत सुरू झाली. इंजिन पेटवण्याच्या क्षणाला तिथे एच-शून्य म्हणतात. त्याला ७ मिनिटे असताना उलटगणती थांबवली गेली. दृश्यता ठरलेल्या अटीत बसत नव्हती.

तासभर सगळे आकाशाकडे बघत राहिले. अट होती, ती मोजता येत होती, पूर्ण होत नव्हती, म्हणून थांबले. शिस्तीत काही उणे नव्हते. उघड्या ठेवलेल्या तीन आकड्यांसाठी अशी अट कुठल्याही यादीत नव्हती.

या थांबलेल्या वेळात ड्रोनच्या पोर्टांकडे जवळून पाहू.

कंट्रोलरच्या पाटीवर काठाकाठाने सोनेरी ठिपके असतात. त्यांच्याजवळ तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत ‘टी-३’, ‘आर-३’ असे छापलेले असते. टी म्हणजे बोलण्याची बाजू, आर म्हणजे ऐकण्याची. इकडची टी तिकडच्या आरला जोडायची आणि दोघांची ग्राउंड एक करायची. जोडी उलटसुलट झाली तर काही जळत नाही. नुसती शांतता मिळते.

आता पानावर या. आर्डुपायलटमध्ये प्रत्येक सीरियल पोर्टाला दोन नोंदी असतात, प्रोटोकॉल आणि बॉड. प्रोटोकॉल २ म्हणजे मॅव्हलिंक या टेलिमेट्रीच्या भाषेची दुसरी आवृत्ती, ५ म्हणजे जीपीएस, २३ म्हणजे रिमोटचा रिसीव्हर. बॉडच्या जागी ५७ लिहिले की सेकंदाला ५७,६०० बिट, ११५ लिहिले की १,१५,२००. टेलिमेट्री रेडिओ ५७,६०० वर बोलत असेल आणि पोर्ट ११५ वर ठेवला असेल, तर लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. आणखी एक फसगत इथे अनेकांची होते. पानावरचा ‘सीरियल ४’ म्हणजे पाटीवरचा ‘यूएआरटी ४’ असेलच असे नाही. कोणता क्रमांक कुठे जातो हे त्या बोर्डाच्या माहितीपत्रकात पाहावे लागते.

रिसीव्हर एसबस प्रकारचा असेल तर आणखी एक अट. एसबसचा वेग सेकंदाला १,००,००० बिट, समतेचा एक बिट, शेवटचे दोन, आणि संपूर्ण संदेश उलटा: जिथे शून्य अपेक्षित तिथे एक. एफ-७ आणि एच-७ चिप हा उलटा संदेश आतल्या आत सुलटा करतात. एफ-४ ला ते जमत नाही; तिथे वेगळा इन्व्हर्टर असलेलाच ठिपका वापरावा लागतो. चुकीच्या ठिपक्यावर रिसीव्हर लावला की रिमोटच्या दांड्या कितीही हलवा, पडद्यावरचे पट्टे हलत नाहीत.

या सगळ्या चुकांत एक चांगला गुण आहे: त्या गप्प असतात. पट्टा हलत नाही, जीपीएस दिसत नाही, आर्म होत नाही. ड्रोन टेबलावरच राहतो. रात्री एक वाजता डोके धरायला लावणाऱ्या या चुका कुणाला इजा करत नाहीत.

इजा करणारी चूक वेगळी. तिच्यात पट्टे हलतात.

सकाळी ९:२७ च्या सुमारास

दृश्यता अंदाजाप्रमाणे सुधारली. उलटगणती शेवटच्या ७ मिनिटांवरून पुढे सुरू झाली.

९:३३:५६

एच-शून्यला ३ सेकंद. दोन्ही एसआरआय उड्डाण-अवस्थेत गेले. एक सक्रिय, दुसरा राखीव. दोघांचे भाग एकसारखे, प्रोग्रॅम एकच.

एरियन-४ ची ती जुनी सोयही सुरू झाली. ती आता ५० सेकंद चालणार होती, म्हणजे साधारण ९:३४:४६ पर्यंत.

९:३३:५९. रत्नागिरीत संध्याकाळचे ६:०३:५९

एच-शून्य. मुख्य इंजिन व्हल्कन पेटले. सर्व ठीक.

९:३४:०६ च्या पुढे

बाजूचे दोन्ही घन-इंधन बूस्टर पेटले. अग्निबाण उचलला गेला. सर्व ठीक.

या क्षणापासून दिशा पक्की करणाऱ्या भागाचे आकडे निरर्थक होते. तो भाग जमिनीवर उभ्या असलेल्या अग्निबाणासाठी लिहिलेला होता आणि अग्निबाण आता जमिनीवर नव्हता. त्याचे उत्तर कुणी वापरणार नव्हते. तो तरीही मोजत राहिला.

आडवा वेग वाढत गेला. त्या वेगाशी बांधलेला एक आकडा, उघड्या ठेवलेल्या तिघांपैकी एक, ३२,७६७ च्या दिशेने चढू लागला.

९:३४:३५.७

एच-शून्यनंतर ३६.७ सेकंद.

राखीव एसआरआयमध्ये तो आकडा मावेनासा झाला. प्रोसेसरने चूक नोंदवली. अशी चूक झाली तर काय करायचे हे आधीच ठरलेले होते: डेटाबसवर बिघाड कळवायचा, तपशील स्मृतीत लिहून ठेवायचा आणि प्रोसेसर बंद करायचा. यंत्राने सांगितल्याप्रमाणे केले.

या नियमामागे एक समजूत होती. यंत्रात बिघाड होतो तो सुट्या भागाच्या दोषामुळे, आणि एकाचा भाग बिघडला तर दुसरा असतोच. प्रोग्रॅमच चुकीचा असेल, तर दोघेही एकाच वेळी चुकतील, ही शक्यता त्या नियमात धरलेली नव्हती.

सुमारे ०.०५ सेकंदांनंतर

सक्रिय एसआरआयही त्याच कारणाने, त्याच ओळीवर बंद पडला.

मुख्य संगणकाने राखीवकडे वळायचे होते. पण राखीव आधीच्याच फेरीत गेला होता. एक फेरी ७२ मिलिसेकंदांची असते.

बंद पडताना सक्रिय एसआरआयने डेटाबसवर आपल्या बिघाडाची माहिती टाकली होती. बिटांची एक विशिष्ट रचना, दुरुस्ती करणाऱ्या माणसाने वाचावी म्हणून. ती ठरलेल्या तारेवर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकारात आली. मुख्य संगणकाला त्या जागी उड्डाणाचे आकडे येतात एवढेच माहीत होते. त्याने ते उड्डाणाचे आकडे म्हणून वाचले.

त्या आकड्यांप्रमाणे अग्निबाण मार्गावरून भलताच वळलेला होता. प्रत्यक्षात तो सरळ चालला होता.

या जागी थांबून ड्रोनकडे पाहायलाच हवे, कारण घरच्या जोडणीत हीच जागा सर्वांत धोक्याची आहे. जीपीएस आणि मॅव्हलिंक आपल्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचा आकडा पाठवतात. वाटेत एखादा बिट बदलला तर पडताळणी जुळत नाही आणि संदेश टाकून दिला जातो. ही सोय उत्तम आहे, पण ती पाकीट फाटलेले नाही एवढेच सांगते. आतले पत्र खरे आहे की नाही, हे तिला कळत नाही.

रिमोटचा संपर्क तुटल्यावर काय करायचे हे बऱ्याच रिसीव्हरांत निवडता येते. एक पर्याय ‘होल्ड’ असतो: शेवटच्या क्षणी दांड्या जिथे होत्या तेच आकडे पाठवत राहायचे. काही रिसीव्हरांवर हा पर्याय ठेवला, तर संपर्क तुटल्याची खबर कंट्रोलरपर्यंत पोहोचतच नाही. संदेश वेळेवर येतात, आकार बरोबर असतो, वेग बरोबर असतो. पोर्टच्या पानावर एकही चूक नसते. कंट्रोलरला वाटते की माणूस दांडी पुढे धरून उभा आहे. संपर्क तुटल्यावर आपोआप काय करायचे ते ठरवणारा फेलसेफ नीट लावलेला असूनही जागा होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे जाणारा ड्रोन १० मिनिटांत ३ किलोमीटर जातो. एका बाजूला समुद्र. दुसऱ्या बाजूला रत्नागिरी शहर आणि शहराला लागून विमानतळ, जिथे तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे.

पर्यायांच्या त्याच यादीत ‘नो पल्स’ असतो: संपर्क तुटला की काहीच पाठवायचे नाही. रिसीव्हर गप्प झाला की कंट्रोलर आपल्या फेलसेफप्रमाणे वागतो. भलते बोलण्यापेक्षा गप्प बसणे इथे सुरक्षित आहे, पण ऐकणाऱ्याला त्या शांततेचा अर्थ आधी शिकवलेला असेल तरच.

एरियन-५ मध्ये तो शिकवलेला नव्हता.

९:३४:३६ नंतर

मुख्य संगणकाने न झालेले वळण दुरुस्त करण्याची आज्ञा दिली. दोन्ही बूस्टरांची नोझल टोकापर्यंत वळली. किंचित नंतर मुख्य इंजिनाचीही.

संगणकाचा हिशोब बरोबर होता. त्याच्यापुढचे आकडे खरे असते, तर हीच आज्ञा योग्य ठरली असती.

९:३४:३८

एच-शून्यनंतर सुमारे ३९ सेकंद. उंची सुमारे ३,७०० मीटर. अग्निबाण हवेला २० अंशांपेक्षा जास्त तिरका झाला. हवेच्या दाबाने तो मोडू लागला. बूस्टर मुख्य भागापासून सुटले. ते सुटताच स्वयंनाशाची यंत्रणा चालू झाली, जशी व्हायला हवी होती तशीच.

९:३४:४६

दिशा पक्की करणारा भाग या क्षणी आपोआप बंद होणार होता. त्याने ज्या आकड्यामुळे दोन्ही एसआरआय बंद पाडले, तो आकडा आणखी दहा सेकंदांनी मोजलाच गेला नसता.

त्यानंतर

अवशेष तळाच्या पूर्वेला, दलदल आणि तिवरांच्या भागात, सुमारे १२ चौरस किलोमीटरवर विखुरले. कुणी दगावले नाही. चारही उपग्रह गेले. शोधात दोन्ही एसआरआय सापडले. शेवटी बंद पडलेल्या एसआरआयची सगळी माहिती जमिनीवर पोहोचलेली नव्हती, कारण जो आधी बंद पडेल त्याचीच पाठवायची सोय होती. ती त्याच्या स्मृतीतून वाचून काढली.

गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ ला अहवाल दिला. अपघातानंतर सहा आठवडे. त्यातल्या पहिल्या तीन शिफारशी घरी ड्रोन जोडणाऱ्यालाही लागू पडतात. उड्डाणानंतर न लागणारा भाग उड्डाणाच्या वेळी चालू ठेवू नका. चाचणीत शक्य तितकी खरी यंत्रे जोडा. आणि कोणत्याही सेन्सरला आपल्याकडून होईल तितकी चांगली माहिती पाठवणे थांबवू देऊ नका.

क्लस्टरचे चार उपग्रह पुन्हा बांधले गेले आणि २००० साली जुलै व ऑगस्टमध्ये बैकानूरहून सोयुझ अग्निबाणांनी दोन-दोन करून गेले. एरियन-५ नंतर २७ वर्षे उडत राहिला. त्याचे शेवटचे उड्डाण ५ जुलै २०२३ ला झाले.

तुमच्या पहिल्या उड्डाणाआधी

एरियन-४ चा आकडा एरियन-५ वर गेला, तसा एक आकडा रत्नागिरीतल्या आर्डुपायलटवर चालणाऱ्या घरगुती ड्रोनमध्येही असू शकतो. आर्डुपायलटमध्ये संपर्क तुटल्यावर घरी परतण्याची उंची न बदलल्यास १५ मीटर असते. मोकळ्या मैदानासाठी ती पुरते. कोकणात वाढलेला माड २० मीटरच्या वर जातो. माडाच्या वाडीपलीकडे, १५ मीटरच्या खाली असताना संपर्क तुटला, तर फेलसेफ वेळेवर जागा होईल, ड्रोन १५ मीटरवर चढेल, सरळ रेषेत घराकडे निघेल आणि झावळ्यांत शिरेल. प्रत्येक यंत्राने सांगितलेले काम चोख केलेले असेल. ही उंची तुमच्या वाडीतला सर्वांत उंच माड पाहून ठरवा.

प्रोपेलर काढून ठेवा. खरा रिसीव्हर, खरा जीपीएस, खरी बॅटरी जोडा. नुसत्या यूएसबी केबलवर तपासून समाधान मानू नका. रिसीव्हरचे पान उघडा आणि हातातला रिमोट बंद करा. पट्टे जागच्या जागी थांबून राहिले आणि पडद्यावर फेलसेफची सूचना आली नाही, तर तो ड्रोन त्या दिवशी उडवायचा नाही. मग जीपीएसची तार काढा आणि कंट्रोलर काय म्हणतो ते वाचा. चाचणीसाठी बंद केलेले आर्मिंग चेक परत चालू करा. न वापरलेल्या पोर्टांचा प्रोटोकॉल उणे १ ठेवा, म्हणजे काहीच नाही. जो आकडा बदलाल त्याच्यापुढे कारण वहीत लिहा, कारण सहा महिन्यांनी ते तुम्हालाही आठवणार नाही.

आणि घराबाहेर पडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाजवळचा पट्टा मोकळा नसतो, आणि रत्नागिरीत विमानतळ दूर नाही. रिमोट बंद करून पाहण्याच्या चाचणीला पाच मिनिटे लागतात. ती टेबलावरच करा.